घाटाखालचा मराठवाडा

अजिंठ्याची लेणी पाहायला गेलेला माणूस फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाडी लावतो, बसने चार किलोमीटर आत जातो, लेणी पाहतो आणि त्याच वाटेने परततो. गाव बघायचं राहूनच जातं. छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीच्या औरंगाबादहून) जळगावकडे जाताना फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा अशी गावं मागे पडतात. मग घाट उतरतो आणि पायथ्याला फर्दापूर लागतं. जरा पुढे पहूर, म्हणजे जळगाव जिल्हा, म्हणजे खानदेश. आज ही फक्त दोन जिल्ह्यांमधली हद्द आहे. 1948 पर्यंत तिच्या एका अंगाला निझामाचं हैदराबाद संस्थान होतं आणि दुसऱ्या अंगाला 1947 पर्यंत इंग्रजांचा मुलूख होता.

फर्दापूर या गावावरून माझ्या शेजारच्या घरात वाद चालतो. मामा जामनेर तालुक्यात शाळेत भूगोल शिकवत होते, आता निवृत्त आहेत. भाची इथे शहरात महाविद्यालयात इतिहास शिकवते. मामा मुक्कामाला आले की सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा जमिनीवर पसरला जातो आणि मला पंच म्हणून बोलावणं येतं. पंचाचं मत मात्र कुणी विचारत नाही. म्हणून ते इथे मधूनमधून घुसडतो आहे.

मामा : या तपकिरी रेषा बघ. अजिंठा गावापाशी कशा एकमेकींना चिकटल्यात! तो कडा. कड्याच्या वर दख्खनचं पठार, खाली तापीचं खोरं. फर्दापूर कुठे आहे? खाली. सोयगाव कुठे आहे? खाली. जमीन आमची, बोली आमच्या वळणाची, सोयरीक आमच्याकडे. आणि जिल्हा कोणता, तर तुमचा. अख्खा डोंगर मध्ये आडवा पडलाय, आणि गाव डोंगरापलीकडच्या जिल्ह्यात! ज्याने ही हद्द आखली त्याने जागा डोळ्यांनी पाहिलीच नसणार.

भाची : कुणी तरी टेबलाशी बसून आखली, असंच तुम्ही धरून चालता, मामा.

मामा : मग काय! पाण्यालाच विचार ना. वाघूर नदी अजिंठ्याच्या माथ्यावरून सातकुंडात उडी मारते, लेण्यांच्या नालाकृती दरीतून वळसा घेते आणि फर्दापूरच्या अंगाने थेट उत्तरेला निघते. तापीला मिळते, सुरतेजवळ अरबी समुद्रात जाते. माथ्यावर थोडं दक्षिणेला सरक, की तिथला पाऊस केळणा नदीला जातो. केळणा पूर्णेला, पूर्णा गोदावरीला, गोदावरी बंगालच्या उपसागराला. दोन समुद्रांची वाटणी त्या माथ्यावर झालेली आहे. निसर्गाने इतकी स्पष्ट रेघ मारून ठेवली असताना राज्यकर्त्यांना वेगळी रेघ मारायची गरज का पडली?

भाची : तुम्ही केळणेचं नाव काढलंत ते बरं केलंत. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असईचं मैदान आहे. 23 सप्टेंबर 1803 ला तिथे इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. ती फौज निझामाच्या मुलखात उतरली होती ती याच अजिंठ्याच्या घाटाने. आणि लढाई झाल्यावर इंग्रजांचे जखमी नेऊन ठेवले ते अजिंठ्याच्या कोटात.

मामा : याचा हद्दीशी काय संबंध?

भाची : सांगते. त्याच वर्षी डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. त्यात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडचा आपला मुलूख सोडला. जालना, गांडापूर आणि या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचे परगणे. पुढच्या वर्षी वाटणी झाली तेव्हा तो निझामाला मिळाला. तहात डोंगराचं नाव घालून लिहिलंय. म्हणजे तुमचा डोंगर इंग्रजांना दिसत नव्हता असं नाही.

मामा : बघ! डोंगराच्या दक्षिणेकडचा. फर्दापूर उत्तरेकडे आहे. तहसुद्धा माझ्याच बाजूने बोलतो.

इथे भाची हसली. मामांना वाटलं आपण जिंकलो. मला मात्र ते हसणं ठाऊक आहे. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न मुलाने हुकवला की शिक्षक असाच हसतो.

भाची : तह शिंद्यांनी काय सोडलं ते सांगतो. निझामाकडे आधीपासून काय होतं ते सांगत नाही. फर्दापूरची सराई 1803 च्या कितीतरी आधीची, मोगलांच्या काळातली आहे. तिचे उंच दरवाजे आजही उभे आहेत. गावात न शिरता टी-पॉइंटवरून परतणाऱ्यांना ते दिसत नाहीत, एवढंच. आता घाटाच्या वर अजिंठा गावात या. तिथेही सराई आहे, कोट आहे. कोट बांधवला पहिल्या निझामाने, 1727 मध्ये. एका घाटाला खाली एक सराई आणि वर एक सराई. असं का?

मामा : बुऱ्हाणपूर ते औरंगाबाद हा जुना शाही रस्ता. वाटसरूंना मुक्काम लागतो.

भाची : दोन्ही टोकांना?

मामा : घाट चढायच्या आधी जनावरांना विसावा हवा, जादा बैल जोडायला हवेत. चढून वर आल्यावर पुन्हा थांबायला हवं. पावसाळ्यात तर खालीच अडकून पडायचं.

भाची : म्हणजे घाट म्हणजे काही एक रेघ नव्हे. त्याला वरचं तोंड आहे आणि खालचं तोंड आहे. वरचं आपल्याकडे आणि खालचं दुसऱ्याकडे असलं, तर तो घाट आपला राहतो का? खाली बसलेला माणूस रसद अडवेल, जकात घेईल, उद्या तोफा आणून ठेवेल. ज्याला दख्खनचा दरवाजा राखायचा आहे त्याला उंबऱ्याबाहेरची ओसरीही ताब्यात ठेवावी लागते. म्हणून हद्द कड्यावर न थांबता पायथ्याशी उतरली, असं मी म्हणते.

कागदावर लिहिलेलं कारण कुणाला सापडलं तर ती गोष्ट वेगळी, पण भाचीचा हा तर्क मला पटतो. आमच्या शाळेच्या पुस्तकांनी डोंगरांना नैसर्गिक सीमा म्हणायला शिकवलं आणि आम्ही ते पाठ केलं. डोंगराच्या माथ्यावरून सरळ चालत जाणारं मात्र कुणी नसतं. माणसं डोंगर ओलांडतात. ओलांडायची वाट एकच असते, तिच्या दोन्ही टोकांना वस्ती वाढते, आणि त्या दोन वस्त्या एकमेकींशिवाय जगू शकत नाहीत. फर्दापूर आणि अजिंठा यांचं तेच आहे. मामा अर्थात इतक्या लवकर हार मानणारे नव्हेत.

मामा : हे तू एका घाटापुरतं सांगितलंस. जगात बघ. युरोपचा नकाशा शिकवताना मी मुलांना नेहमी चेक देशाचं उदाहरण द्यायचो. बोहेमियाच्या भोवती तिन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये खोलगट भाग, आणि सगळं पाणी गोळा होऊन एल्ब नदीने उत्तर समुद्राला. शेकडो वर्षं राजे बदलले, धर्म बदलले, पण हद्द त्या डोंगरांवर टिकून राहिली. नैसर्गिक सीमा याला म्हणतात.

भाची : आणि फ्रीडलांट?

मामा : ते काय असतं?

भाची : त्याच बोहेमियाच्या उत्तरेला यिझेराचा डोंगर आहे. तो ओलांडून पलीकडे उतरलं की फ्रीडलांट आणि त्याच्या भोवतालची गावं लागतात. ती डोंगराच्या चुकीच्या बाजूला आहेत, तुमच्या हिशोबाने. तिथलं पाणी एल्बला जातच नाही. निसा नदीने ओडरला आणि ओडरने बाल्टिक समुद्राला जातं. तरी तो तुकडा बोहेमियाचाच. फ्रीडलांटचा किल्ला तीस वर्षांच्या युद्धातला सेनापती वॉलेनस्टाइन याच्याकडे होता. त्या तुकड्याच्या टोकाला हाबार्तित्से नावाचं छोटं गाव आहे. तुमचं फर्दापूरच समजा.

मामांनी नकाशावरून चष्मा उचलला. युरोपच्या नकाशात आपल्याला ठाऊक नसलेली एक नदी भाचीने काढून दाखवावी, हे त्यांना फारसं रुचलं नाही. पण चेहऱ्यावर कुतूहल होतं. असा माणूस वादात हरला तरी फायद्यातच राहतो.

मामा : बरं. मग तिथे कोण राहतं?

भाची : प्रश्न बरोबर विचारलात. तिथे पिढ्यान्‌पिढ्या जर्मन बोलणारे लोक राहायचे. 1938 मध्ये म्युनिकला करार झाला आणि चेकोस्लोव्हाकियाचे बरेचसे डोंगराळ काठ, तिथल्या तटबंदीसकट, लढाई न होता हिटलरला मिळाले. म्हणजे तुमच्या नैसर्गिक सीमेने देशाला वाचवलं नाही. 1945 नंतर उलट वारं फिरलं. तीसेक लाख जर्मन त्या देशातून बाहेर काढले गेले आणि त्या काठाच्या गावांत दुसरी माणसं आणून बसवली. हाबार्तित्सेची हद्द जिथल्या तिथे राहिली. पण आधी तिच्यापलीकडे जर्मनी होता, आता पोलंड आहे.

मामा : आपल्याकडे तसं काही झालं नाही.

भाची : फर्दापूरला झालं नाही. पण काहीच झालं नाही असं नका म्हणू. निझाम राज्यात हालीचे रुपये चालायचे, पलीकडे इंग्रजांचे कलदार. साधारण सात हाली दिले की सहा कलदार. हद्दीवर करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी. ऑगस्ट 1947 मध्ये पलीकडे झेंडा लागला. अलीकडे झेंडा हातात घेतला तर तुरुंग, आणि रझाकारांची दहशत वेगळी. म्हणून स्टेट काँग्रेसचे कॅम्प संस्थानाच्या हद्दीबाहेर, सरहद्दीला लागून उभे राहिले. 13 सप्टेंबर 1948 ला संस्थानात भारतीय फौजेची पोलीस ॲक्शन सुरू झाली, 17 ला संपली. ही तारीख आपण मुक्तिदिन म्हणून पाळतो, आणि पाळायलाच हवी. पण त्यानंतर मराठवाड्यातल्या काही भागांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली आणि तो अहवाल कितीतरी वर्षं बंद कपाटात राहिला. तेव्हा चेक लोकांकडे बोट दाखवताना बाकीची बोटं कुठे वळतात ते बघायला लागतं.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या लहानपणी पलीकडच्या मुलखाला सगळे 'मोगलाई' म्हणायचे, एवढंच नंतर म्हणाले. मामांचा जन्म पोलीस ॲक्शननंतरचा. राज्य बुडून गेलं तरी बोलण्यातून ते इतक्या लवकर जात नाही. मग त्यांनी बाजू बदलून हल्ला केला.

मामा : ठीक आहे, राज्यांची हद्द तुझ्या म्हणण्याप्रमाणे. पण फर्दापूर जगलं कुणाच्या जिवावर? लेण्यांपाशी 1819 मध्ये पहिला इंग्रज शिकारी पोचला, दहाव्या लेण्याच्या खांबावर 28 एप्रिलची तारीख आणि आपलं नाव कोरून गेला. ते सोड. त्यानंतर जे जे आले ते कुठून आले? एकदा रेल्वे झाल्यावर सगळे जळगाव नाही तर पाचोऱ्याला उतरायचे. तिथून टांगा, नाही तर बैलगाडी, आणि मुक्काम फर्दापूरला. पुढे पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी आली, तेव्हा पहूरला उतरायचे. लेडी हेरिंगहॅमने 1909 पासून दोन हिवाळे चित्रांच्या नकला करवून घेतल्या, तिचा तळ फर्दापूरला होता. नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारखी तरुण पोरं कलकत्त्याहून आली ती आमच्या खानदेशातून. औरंगाबादहून घाट उतरून नव्हे.

भाची : आणि त्या चित्रांची काळजी कुणी घेतली? निझामाच्या पुरातत्त्व खात्याने. 1914 मध्ये खातं निघालं, गुलाम याझदानी संचालक. भिंतींवरचे रंग सुटत होते म्हणून 1920 च्या सुमारास इटलीहून जाणकार बोलावले. हेरिंगहॅमबाईंच्या गटात हैदराबादचे सय्यद अहमद होते, पुढे त्यांच्याकडेच लेण्यांची देखरेख आली. खर्च हैदराबादच्या तिजोरीतून. तुमच्याकडून फक्त टांगे.

मामा : टांग्याशिवाय पोचले असते का?

भाची : नसते. म्हणूनच तर म्हणते, हे गाव दोघांचं आहे म्हणून टिकलं.

मामा : नाही, असं गुळमुळीत नको. तू वाद घालत होतीस, तो पूर्ण घाल. महानोर कुणाचे?

हा प्रश्न येणारच होता. कवी ना. धों. महानोर 1942 मध्ये पळसखेड्यात जन्मले. सोयगाव तालुका, फर्दापूरच्याच पट्ट्यातला, म्हणजे तेव्हाचा जिल्हा औरंगाबाद. शाळेसाठी ते शेंदुर्णीला गेले, कॉलेजसाठी जळगावला. दोन्ही खानदेशात. शेवटपर्यंत शेती पळसखेड्याची. 1967 मध्ये 'रानातल्या कविता' आली तेव्हा पुण्यामुंबईच्या वाचकांना ते मराठवाड्याचे वाटले आणि मराठवाड्याच्या वाचकांना ते आपले वाटले. जळगावकरांना मात्र त्यात नवीन काही नव्हतं, त्यांच्यासाठी ते घरचेच होते. अजिंठ्याच्या पारूवर आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या रॉबर्ट गिलवरही त्यांनी दीर्घ कविता लिहिली. गिल मद्रासच्या फौजेतला अधिकारी, लेण्यांची चित्रं उतरवायला कंपनी सरकारने 1844 मध्ये नेमलेला. पारूची कबर अजिंठा गावात, घाटाच्या वर. गिल मात्र 1879 मध्ये गेला आणि पुरला गेला भुसावळला. प्रेमकथेचेही दोन जिल्हे झाले.

भाची : महानोर पळसखेड्याचे.

मामा : ही पळवाट झाली.

भाची : पळवाट कशी? पळसखेड्याच्या माणसाला तुम्ही विचारा, तू खानदेशी की मराठवाड्याचा. तो म्हणेल, काम कशाचं आहे ते सांगा. कापूस विकायचा तर जळगावकडे. सातबारा, पोलीस, कलेक्टर संभाजीनगरला. आमदाराचा मतदारसंघ सिल्लोड, आणि लोकसभेला मत पडतं जालन्याच्या खासदाराला. एवढ्या सगळ्या गावांना तोंड द्यायचं असताना तो तुमच्या-माझ्या वादात कशाला पडेल?

मामा : पडेल. पाण्यावरून पडेल.

आता मामांनी पुन्हा नकाशा जवळ ओढला आणि निळ्या रेघेवर बोट ठेवलं. त्यांचा आवाज वर्गातला झाला.

मामा : मराठवाडा दरवर्षी कशासाठी भांडतो? जायकवाडीसाठी. 2005 च्या कायद्याने खोऱ्यातल्या पाण्याची समान वाटणी आली. नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडा म्हणून तुम्ही कोर्टात जाता, रस्त्यावर उतरता. फर्दापूरचा माणूसही त्या मोर्च्यात मराठवाड्याचा म्हणून जाईल. पण जायकवाडी भरलं तरी त्याच्या शेतात एक थेंब यायचा नाही, कारण तो गोदावरीच्या खोऱ्यातच नाही. उलट त्याच्या डोक्यावर पडलेला पाऊस वाघूरने खाली जातो, वाघूर धरणात साठतो आणि जळगाव शहर तो पितं. तुझा निझाम गेला, इंग्रज गेला, करोडगिरी गेली, हाली गेला. पाण्याची रेघ कुणी पुसली का?

भाची : नाही पुसली.

मामा : मग?

भाची : मग एवढंच, की सोयगाव तालुक्यात पडलेला पाऊस मोजला जातो तो मराठवाडा विभागाच्या आकड्यात. आठ जिल्ह्यांची सरासरी काढताना तो धरतात. 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळं झाली तेव्हा विकासाच्या अनुशेषाचा हिशोब मराठवाड्याचा वेगळा आणि उर्वरित महाराष्ट्राचा वेगळा झाला. फर्दापूर मराठवाड्याच्या वहीत, पहूर उर्वरित महाराष्ट्राच्या. दोन गावं, एकच नदी, एकच माती. वरच्या गावाचा अनुशेष एका हिशोबात गेला, खालच्या गावाचा दुसऱ्या. ही 1948 ची हद्द आहे, मामा. पाणी तिला जुमानत नाही, पैसा जुमानतो.

मामा : पण वाघूरला पूर आला तर?

भाची : पंचनामा दोन तहसीलदार करतील. फर्दापूरचा सोयगावला, पहूरचा जामनेरला.

मामा : एकाच पुराचा.

भाची : एकाच पुराचा.

मामांनी नकाशाची घडी घालायला घेतली. जुना कागद, घडीवर विरलेला. फाटका भाग नेमका अजिंठ्याच्या घाटावर येत होता, त्यामुळे घडी उलट्या बाजूने घालावी की नाही यावरून दोघांचं पुन्हा सुरू झालं.